जवाईबापूची एक चक्कर

माणसाने खोटं बोलायचं तर दुसऱ्या नंबरचं बोलावं, असं माझं जुनं मत आहे. 'पहिला आलो' म्हटलं की ऐकणारा सर्टिफिकेट मागतो, कप कुठे ठेवलाय म्हणून कपाटाकडे मान वळवतो. दुसऱ्याला कोणी काही मागत नाही. उलट 'थोडक्यात गेला बिचारा' म्हणून चहात साखर जास्त पडते.

मी पांढुर्ण्याचा, सरकारी कचेरीत बाबू. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि मी सौंसरला मुलगी पाहायला गेलो होतो. मुलीचे वडील संत्रा-कापसाचे शेतकरी, आवाज असा की ओसरीवर बोलले तर पलीकडच्या लोधीखेडा गावात कुत्री उठून बसत. पोह्यांची बशी माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "पोरगी शाळेत असतानी पयत होती. छिंदवाड्याले जिल्ह्यापर्यंत गेली. आता नाही पयत." एखाद्याला लहानपणी फिट यायची, आता येत नाही, अशा सुरात सांगितलं त्यांनी.

मुलगी खाली मान घालून उभी होती. मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हणालो, "मीही पळायचो."

खाली मान वर आली. "काय पयत होते?"

"चारशे मीटर."

"कितवे?"

"जिल्ह्यात दुसरा."

"कोणत्या वर्षी?"

आता वर्ष कुठून आणायचं? तिचे वडील नुकतंच कुठलंसं वर्ष बोलून गेले होते, तेच उचललं आणि ठेवून दिलं. ती बशी घेऊन आत गेली. जाताना तिच्या खांद्याला एक बारीकसा हिसका बसला. मी तो लाजेचा समजलो.

वास्तविक मी उभ्या आयुष्यात धावलो होतो ते एकदा म्हशीपुढे आणि एकदा बसमागे. दोन्ही वेळा हरलो. पण लोकांना मी सांगत असे की सौंसरच्या छोट्या गाडीला मी लोधीखेड्यापासून पायी हरवलं. त्या गाडीबद्दल म्हणतात की चालत्या डब्यातून उतरून दोन संत्री तोडून परत चढता यायचं. साफ खोटं आहे. चार तोडता यायची, आणि सोलूनही व्हायची.

त्याच मुलीला मोहगावकडचं एक स्थळ आलेलं होतं. चौदा एकर संत्र्याची बाग, विहिरीवर मोटार, दाराशी मोटरसायकल. माझ्याकडे एक सायकल होती, तिलाही घंटी नव्हती. बापाचा सगळा कल बागेकडे. पण पोरीने सांगितलं, पांढुर्ण्यावालाच करीन. वैशाखात लग्न लागलं. मांडवात सासरे भेटेल त्याला सांगत होते, "बाबूले पोरगी देली म्हून लोकं हसून राहिले मले. पण जवाई पयणारा हाय बरं. जिल्ह्यात दुसरा!" मी मुंडावळ्यांच्या आड तोंड लपवलं. लोकांना वाटलं, नवरदेव लाजाळू आहे.

आठ महिने बरे गेले. मग डिसेंबरात पोस्टकार्ड आलं. पहिल्या संक्रांतीला दोघांनी यावे, सव्वीस जानेवारीपर्यंत राहावे, त्या दिवशी शाळेच्या मैदानावर गड्यांची एक चक्करची शर्यत ठेवली आहे, तीत जवाईबापूंचे नाव दिले आहे, सर्वांस नमस्कार. कार्ड आधी पोस्टमनने वाचलं, मग शेजाऱ्यांनी, मग माझ्या आईने, आणि सगळ्यांत शेवटी मी.

बायकोने ते दोनदा वाचून फडताळात ठेवलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी मैदानावर चला."

आमच्या घरातली नवी सून सकाळी मैदानावर कशी जाणार? पण मैदानाला लागूनच देऊळ होतं. तिने फुलांची परडी घेतली आणि सासूला 'देवाले जाऊन येतो' म्हणून सांगितलं. खोटंही नव्हतं. देवाला नमस्कार करून ती मैदानात आली आणि परडीतल्या चार जास्वंदी तिने पळायच्या चक्करीवर ठेवल्या, शंभर-शंभर मीटरवर एक, पावलांनी मोजून. मग देवळाच्या कठड्यावर बसली, लग्नातलं मनगटी घड्याळ तळहातावर धरलं आणि म्हणाली, "पया."

मी जो सुटलो! पहिलं फूल मला दिसलंही नाही. माझ्या वाऱ्याने कडेला चरणाऱ्या म्हशीची शेपटी सरळ झाली. दुसऱ्या फुलाशी कोणीतरी माझ्या मांड्यांत शिसं ओतायला घेतलं. मग छातीत लोहाराचा भाता सुरू झाला, दातांना गंजाची चव आली, पाय दुसऱ्या कोणाचे तरी झाले. तिसऱ्या फुलाशी मी बसलो. खरं म्हणजे बसलो नाही, बसवला गेलो.

ती सावकाश चालत आली. परडी खाली ठेवून समोर उकिडवी बसली.

"जिल्ह्यात दुसरे?"

मी मान हलवली. हो की नाही ते माझं मलाही कळलं नाही.

"त्या वर्षी मी होती छिंदवाड्याले. पोट्ट्यायची शर्यत आमच्या मागून झाली. दुसरा आला तो माह्या मामाचा पोरगा."

त्या वेळी धरणी दुभंगायला हवी होती. पण पांढुर्ण्याची जमीन काळी आणि चिवट, ती जानेवारीच्या आत दुभंगत नाही.

"म्हणजे तुला पोहे देतानाच माहीत होतं? मग हो काऊन म्हटलं?"

"ते मंग सांगीन. आधी उठा, शेणात बसून राहिले तुमी."

उठलो. ती माझी पाठ झटकत होती, आणि झटकता झटकता जे बोलली ते अजून कानात आहे. "बाबानं माह्या शब्दावर बागवाल्याले नाही म्हटलं. घरदार एकीकडे अन् मी एकीकडे होती. तुमी तिथं तिसऱ्या फुलापाशी बसले तर तुमचं काही जात नाही. तुमी परत पांढुर्ण्याले याल. माहं माहेर हाय ते. लोकं म्हणतीन, पोरीले माणूस ओळखता येत नाही. अन् बाबा पुन्हा कधी माह्या शब्दावर काही करणार नाही."

तिचा आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणीबिणी नाही. मी मात्र त्या दिवशी कचेरीत दोन फायली उलट्या बांधल्या.

तेव्हापासून रोज शाळा. मास्तरीण परडीवाली, विद्यार्थी धापा टाकणारा. चारशे मीटर म्हणजे लांब पल्ल्याची दौड नव्हे आणि शंभरची झेपही नव्हे, दोन्हींच्या मधला हा गाढवपणा आहे, असं मी म्हणायचो. ती म्हणायची, चूल आहे. "भाकरी टाकायच्या आधी जाळ मोठा लागते, नाही तं तवा तापत नाही. पण तवा तापला का लाकडं मागं ओढायची. तुमी पुरा जाळ ठेवता, मंग भाकर वरून जळते अन् आतून कच्ची राह्यते."

पहिलं शंभर जोरात, पण दात न आवळता. "पयल्या शंभरात अंग फुकट देते. म्हून माणूस फसते." दुसऱ्या शंभरात वेग तोच, पण जोर कमी, उतारावर सायकलचं पायडल सोडतो तसं. हे मला जमेना. जोर कमी केला की मी चालायलाच लागायचो, आणि वेग ठेवला की पुन्हा शिसं. मग एके दिवशी तिने दोन पापड आणले, माझ्या दोन मुठींत एकेक दिला आणि म्हणाली, "फुटला नाही पाह्यजे." हात आवळले की खांदे आवळतात, खांदे आवळले की मान, आणि मान आवळली की माणूस फुकटचा दमतो. पहिल्या आठवड्यात मी इतके पापड फोडले की आईने घरात उंदीर झाले म्हणून पिंजरा लावला. पण पंधरा दिवसांनी पूर्ण चक्कर मारून मी दोन अख्खे पापड परत केले. आयुष्यात मला कप मिळाला नाही. त्या पापडांचा मला तेवढाच अभिमान आहे. एक तिने खाल्ला, एक मी.

घड्याळ बघून ती फुलाफुलाला आकडा ओरडायची. पंधरा. एकतीस. अठ्ठेचाळीस. आणि चौथ्याला काही ओरडायची नाही, कारण चौथ्या शंभरात मला काही ऐकूच यायचं नाही.

"शेवटी जोर कसा लावायचा?" मी विचारलं.

"लावताच येत नाही. शेवटी कोणीच जोरात पयत नाही. सगळे हळू होत राह्यतात. जो कमी हळू होते तो पुढं गेला असं लोकायले दिसते."

"आणि तिसरं शंभर?"

 जास्वंदीचं एक पान तिने नखाने उभं चिरलं. "तिसरं कोणाचंच नसते. पयल्यात लोकं पाह्यतात, चौथ्यात लोकं आरडतात. तिसरं पल्याडच्या बाजूले असते, तिथं कोणी उभं नसते. तिथंच माणूस मनात म्हणते, जाऊ दे. मी दोनदा तिथंच हारली."

मी म्हटलं, "यंदा तू तिथं उभी राहा."

संक्रांतीला सौंसरला पोचलो आणि मला कळलं की शर्यतीची खरी अडचण मैदानात नाही, स्वयंपाकघरात आहे. पहिल्या सणाचा जवाई! सासूबाईंच्या मते माझी हाडं दिसत होती. सकाळी पुरणपोळी, वाटीत तूप असं की त्यात पोळी पोहायला शिकावी. दुपारी वडे, संध्याकाळी तिळाचे लाडू, मधल्या वेळात संत्री, आणि नाही म्हटलं तर "आमच्या हातचं गोड लागत नाही का बावा" म्हणून पदर डोळ्यांना. दहा दिवसांत माझं वजन अकरा किलोंनी वाढलं. बायको म्हणते, दीड. काटा कोणाकडेच नव्हता, त्यामुळे माझा आकडा धरावा.

सव्वीस जानेवारीला मंगळवार आला. सकाळीच पुरणाचा वास सुटला. बायकोने चुलीपाशी जाऊन हळूच सांगितलं, "माय, यायचा आज उपास हाय. मारुतीचा. जामसांवळीच्या मारुतीले नवस बोलले हायेत." मी ओसरीवरून ऐकत होतो, मनात म्हटलं, जगात ही एकटी शहाणी आहे. सासूबाईंनी हात जोडले, पुरण झाकून ठेवलं, आणि अर्ध्या तासाने माझ्यापुढे साबुदाण्याच्या खिचडीचा डोंगर आला. वर दाण्याचं कूट, बाजूला बटाट्याची भाजी, शिंगाड्याचा शिरा, रताळी, केळी. "उपासाच्या माणसाले अशक्तपणा येते," सासूबाई म्हणाल्या. दारात उभ्या बायकोने कपाळावर हात मारला. मी खाल्लं. सासू समोर बसून वारा घालत असताना न खाणारा जवाई त्या तालुक्यात अजून जन्मलेला नाही.

मैदानावर झेंडा झाला, पोरांना बुंदी वाटून झाली, मग चुन्याच्या रेघेवर आम्ही सहा जण उभे राहिलो. माझ्या शेजारी लोधीखेड्याहून आलेला एक उंच, काटक गडी. बायकोच्या मामाचा मुलगा. म्हणजे खरा दुसरा, पण सासऱ्यांनी त्याचा नंबर कधी विचारलाच नव्हता.

सासरे रेघेपाशी येऊन गरजले, "सांभाळून रे पोट्टेहो! आमचे जवाई जिल्ह्यात दुसरे होते!" आणि वर्षही सांगितलं.

त्या गड्याने माझ्याकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत. पोटाशी जरा थांबला.

"त्या वर्षी का, भाऊजी?"

"हो," मी म्हणालो. आवाज साबुदाण्याखालून आला.

"अस्सं." तो हसला. "पया मंग. पयल्यावर बोलू."

शिट्टी वाजली.

आता हे समजून घ्या की मी दाखवेगिरीवर वाढलेला माणूस. तीनशे लोक बघताहेत, सासरा ओरडतो आहे, अशा वेळी पहिल्या शंभरात माझ्यासारख्याने पाठीमागे राहणं म्हणजे गवयाने तोंड मिटून बसणं. पण मुठींत पापड होते. नव्हते, पण होते. बाकीचे पाचही जण बांध फुटल्यासारखे गेले. मी सहाव्या जागेवर, नाकाने श्वास घेत.

"जवाईबापू वरातीत चालून राहिले काय!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. सासऱ्यांचा आवाज एकदम बंद झाला, आणि तो बंद झालेला आवाज मला त्या हशापेक्षा जास्त लागला.

दुसरं शंभर. लाकडं मागं ओढली. खांदे सोडले. एक जण छाती धरून बाजूला झाला, मी पाचवा झालो. वळण आलं, गर्दी मागे राहिली, ओरडणं पुसट झालं. पल्याडची बाजू. तिथे एक बाभूळ, एक बांधलेली शेळी, आणि बाभळीखाली घड्याळ धरलेली माझी बायको.

पोटात खिचडी फिरायला लागली होती. मांड्यांत शिसं येऊ घातलं होतं. 'जाऊ दे' हा शब्द जिभेवर आलाच होता. तेवढ्यात ती ओरडली. पण नवऱ्याचं नाव घेण्याची पद्धत कुठे होती आमच्याकडे? चारचौघांत काय, एकटीनेही कधी घेतलं नव्हतं. पोटातून ओरडली, "अहो!"

माझ्यापुढच्या दोघांनी मान वळवून पाहिलं. दोघांचीही लग्नं गेल्याच उन्हाळ्यात झालेली. त्या एका वळलेल्या मानेत दोघांची चाल मोडली आणि मी त्यांच्या मधून गेलो. "अहो, आता!" ती ओरडत होती, आणि शेळीही ओरडत होती, आणि त्या कोणाच्याच नसलेल्या शंभर मीटरमध्ये मी एकटा नव्हतो.

चौथ्या शंभराचं मला काही आठवत नाही. लोक सांगतात की माझे डोळे बाहेर आले होते, तोंड एका बाजूला गेलं होतं आणि मी आईला हाक मारत होतो. मामाचा मुलगा सरळ पहिला गेला. दुसरा हातभर पुढे राहिला. मी सांगताना वीतभर सांगतो. मी तिसरा आलो, रेघ ओलांडली आणि मारुतीचा सगळा उपास चुन्यावर सोडला.

डोकं वर केलं तेव्हा भोवती गर्दी होती. "जिल्ह्यात दुसरा अन् गावात तिसरा?" कोणीतरी म्हणालं. सासरे पागोट्याचं टोक चाचपत उभे होते. त्यांचं ते बघणं मला सोसवेना. आणि मी ते केलं जे पूर्वी केलं नव्हतं आणि पुढेही फारसं केलेलं नाही. खरं बोललो.

"मामाजी, मी जिल्ह्यात कधी पळलोच नाही. दुसरा आला तो हा." मी लोधीखेड्याच्या गड्याकडे बोट केलं. "दोन महिन्यांपूर्वी मला एक चक्करही पुरी होत नव्हती."

 मग सासऱ्यांचा चेहरा उजळला. "पाहा! पाहा काय नम्र माणूस हाय! हरला तं मोठेपणा दुसऱ्याले देऊन राह्यला!"

मी शपथ घेतली. जेवढी शपथ घ्यावी तेवढा मी जास्त नम्र ठरत गेलो. शेवटी मामाच्या मुलाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कानात म्हणाला, "राहू द्या, भाऊजी. तो दुसरा नंबर तुमीच ठेवा. मले आज पयला भेटला."

पण बायको मैदान ओलांडून येऊन पोचली होती. "बाबा," ती म्हणाली, "खरं बोलून राह्यले ते."

सासऱ्यांनी हात झटकून गर्दी पांगवली. आम्ही चौघंच उरलो. "तुले माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"अन् तरी बागवाल्याले सोडलं? चौदा एकर?"

"त्याले मी इचारलं होतं, तुमी कधी पयले का? तो म्हणे, पयाचं काय काम, मोटरसायकल हाय ना." तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मिशीला अजून साबुदाणा होता. "यायनं खोटं सांगितलं. पण पयणं चांगली गोष्ट हाय असं वाटलं म्हून तं सांगितलं ना? ते गोष्ट खरी करता येते. मी केली."

"तू शिकोलं?"

"मंग कोण शिकोणार?"

सासरे चुन्याच्या रेघेकडे वळले. मग, पोरीकडे न बघता, त्यांनी विचारलं, "यायले किती लागले आज?"

"सत्तर सेकंद."

"अन् तुले किती लागे? छिंदवाड्याले?"

हे त्यांनी इतक्या वर्षांत विचारलेलं नव्हतं. ती कप घेऊन आली होती की हात हलवत, तेवढंच त्यांना माहीत. "सहासष्ट," ती म्हणाली.

त्यांनी बोटांवर वजाबाकी केली. चार बोटं उरली. ती चार बोटं त्यांनी तशीच उभी धरून ठेवली, आणि त्यांच्या त्या गडगडाटी आवाजात प्रथमच मला एक बारीक चीर ऐकू आली. "सहासष्ट," ते म्हणाले. "अन् मी गावात सांगत फिरलो जवाई पयते म्हून."

मैदान रिकामं झालं होतं. मामाचा मुलगा कप घेऊन बस गाठायला गेला होता. बायकोने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि वडिलांना म्हणाली, "पाह्यता?"

ती निघाली. पहिलं शंभर हलकं, दात न आवळता. दुसऱ्यात हात असे सुटे की त्यांत पापडच काय, फुलपाखरू धरलं असतं तरी चुरगळलं नसतं. बाभळीपाशी तिच्यासाठी कोणी उभं नव्हतं हे माझ्या लक्षात आलं, आणि त्याच वेळी सासऱ्यांच्याही आलं असावं, कारण ते धोतर सावरत मैदानाच्या मधून पल्याडच्या बाजूला धावत सुटले. साठीचा माणूस, आयुष्यभर नांगरामागे चाललेला. ती तिथे पोचायच्या जेमतेम आधी ते पोचले, आणि लेकीला तिचं नाव घेऊन अशी हाक मारली की लोधीखेड्याला कुत्री उठली असणार.

किती सेकंद लागले ते मला विचारू नका. मी लोकांना साठ सांगतो, ती म्हणते ऐंशीच्या वर गेले असतील, लुगड्यात आणि कशी पळणार. घड्याळ माझ्याच हातात होतं. पण सुरुवातीचा काटा बघायचा मी विसरलो, आणि शेवटचाही.